तारा लई उचललेल्यात

आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर दोन खुंट्या होत्या. एकीवर दादांचा मृदंग असायचा, आईनं जुन्या लुगड्याची शिवलेली खोळ घातलेला. दुसरीवर माझी गिटार, युरियाच्या गोणीत. मृदंग दर एकादशीला खाली उतरायचा. गिटार मात्र एकदा वर गेली ती जवळजवळ तीस वर्षं खाली आलीच नाही. घरी आलेला पाव्हणा विचारायचा, "ते गोणीत काय टांगलंय?" आई सांगायची, "ह्याची गिटार हाये. ह्याला काय जमली नाई ती."

मीही तेच सांगत आलो. आपल्याला जमली नाही. आपल्या बोटांत ते नाही.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. आमचं गाव अकोल्याहून राजूरकडं जाताना रस्त्यापासून थोडं आत, प्रवरेच्या काठाला. भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं की भर उन्हाळ्यातही नदी चालायची. दादा गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवायचे. शिवरात्रीला अकोल्यात अगस्ती ऋषींची यात्रा भरते, तिथं रात्रीच्या भजनाला मंडळ जायचं. मी लहानपणी त्यांच्या मांडीला टेकून बसायचो. भजनातलं फारसं काही आठवत नाही. आठवते ती भजनाआधीची त्यांची तयारी. पितळीत कणीक मळायची, तिचा गोळा मृदंगाच्या डाव्या पुडीवर थापायचा, पाण्याचं बोट लावून सारखा करायचा. मग हातोडी घेऊन वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकत बसायचं. एक टोला, मग शाईवर बोट, पुन्हा एक टोला. पेटीवाला तेवढ्यात सूर धरून बसलेला. हे अर्धा अर्धा तास चालायचं. टाळकरी कंटाळून म्हणायचे, "चालू करा की बुवा आता." दादा मान वर न करता म्हणायचे, "आधी लावू द्या. न लावलेल्या वाद्यावर हात मारला तर हात बिघडतो."

मी 1993 साली संगमनेरला कॉलेजात गेलो आणि डोक्यात गिटार शिरली. तसं बी आधीच पडलं होतं. 'यादों की बारात' हा 1973 चा सिनेमा आम्ही गावात एकुलत्या एका टीव्हीवर बघितला होता. त्यात झीनत अमानच्या हातात गिटार होती. पडद्यामागं ती भूपिंदर सिंग यांनी वाजवली होती, गझला गाणारे तेच भूपिंदर, हे फार उशिरा कळलं. पण ती होती साधी, पोकळ पोटाची गिटार. कॉलेजच्या गॅदरिंगला जो ऑर्केस्ट्रा आला, त्यातल्या पोराच्या गळ्यात लाल चपटी गिटार होती. तिला पोटच नव्हतं. तिच्यातून वायर निघून एका खोक्यात गेलेली. त्यानं एक तार छेडली आणि मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा गप झाली. मला तीच पाहिजे होती.

त्या साली टोमॅटोची पट्टी बरी आली होती, म्हणून दादांपुढं विषय काढायचं धाडस केलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तिला लाईट लागती?"

"लागती."

"मग पावसाळ्यात काय करशील?"

यावर मला उत्तर नव्हतं. आमच्याकडं आषाढ लागला की तारेवर झाड पडायचं आणि दोन दोन दिवस गाव अंधारात. शिवाय विजेची गिटार आणि तिचं खोकं मिळून जी किंमत होत होती, तिच्यात दुभती शेळी आली असती. पुण्यातल्या दुकानदारानंही दादांच्याच बाजूनं कौल दिला. म्हणाला, "शिकणाऱ्यानं साधीच घ्यावी. साधीवर बोटं घट्ट होतात. मग इलेक्ट्रिक लोण्यासारखी वाटते." हे वाक्य मी पुढं तीस वर्षं लोकांना सांगत फिरलो. बाराशे रुपयांत साधी गिटार घेतली आणि एसटीत मांडीवर ठेवून घरी आणली.

रात्री जेवणं झाल्यावर दादांनी ती मागून घेतली. बॅटरीच्या उजेडात सगळीकडून बघितली. तारेखाली अंगठ्याचं नख घालून बघितलं. एक तार दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मग म्हणाले, "तारा लई उचललेल्यात रं. खाली बसवून घे त्या. दाबायलाच एवढा जोर लागला तर वाजवशील कव्हा?"

मला हसू आलं. मी म्हणालो, "दादा, हा मृदंग नाही. हे वेगळं वाद्य आहे. ह्याला असंच असतं."

"आसंल," ते म्हणाले आणि गिटार माझ्याकडं दिली.

त्यानंतर चार-पाच महिने मी त्या गिटारीशी झगडलो. दर शनिवारी घरी आलो की पुस्तक उघडून बसायचो. गिटारीला सहा तारा. डाव्या हाताच्या बोटांनी त्यातल्या दोन-तीन एकदम दाबल्या की एक कॉर्ड होते. पहिल्या दोन-तीन कॉर्ड कशाबशा यायच्या. पण एफ नावाची कॉर्ड आहे, तिच्यात पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबाव्या लागतात. ती काही केल्या वाजेना. नुसता थड थड आवाज. बोटांच्या टोकांना चिरा पडल्या. सकाळी धारा काढताना त्या चिरांनी डोळ्यांत पाणी यायचं. मला वाटलं, आपली बोटं नांगर-कुळवाची, भात लावायची. ही शहरातल्या नाजूक बोटांची गोष्ट. मग पावसाळा आला. दमट हवेनं गिटारीचं पोट थोडं फुगलं, तारा आणखी वर गेल्या. श्रावणात मी ती गोणीत घातली आणि खुंटीला टांगली. दादांनी बघितलं, पण काही बोलले नाहीत.

गोष्ट गिटारीपुरती राहिली असती तर लिहायचं कारण नव्हतं. पण ती एक गाठ माझ्या मनात बसली. पुढं मास्तर झालो. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा सगळे शिकायला बसले आणि मी मागं सरकलो. पेटी शिकवतो म्हणणारा एक चांगला माणूस भेटला, त्यालाही नको म्हणालो. दर वेळी मनात तेच. आपल्या बोटांत ते नाही. दादा 2011 साली गेले. मृदंग खुंटीवर राहिला, गिटारीच्या शेजारी.

दोन वर्षांपूर्वी लेकीनं गिटारीचा हट्ट धरला. ती तेरा वर्षांची. आम्ही आता अकोल्यात राहतो, दोन खोल्यांत. तिला पाहिजे होती इलेक्ट्रिक. मी लगेच पुण्याच्या दुकानदाराचं वाक्य काढलं, "आधी साधी. बोटं घट्ट होऊ दे." आणि पैसे वाचवावेत म्हणून म्हणालो, "गावाकडं माझी आहेच की." आम्ही गावी जाऊन ती खाली उतरवली. गोणीवर बोटभर धूळ. लेकीनं एक तार दाबून बघितली आणि हात झटकला. "पप्पा, ही दाबतच नाही. दुरुस्त होईल का, विचारू या."

नाशिकला एका दुकानात गेलो. दुरुस्ती करणारा तिशीतला पोरगा होता. त्यानं गिटार डोळ्यासमोर धरून, एक डोळा मिटून तिच्या दांड्यावरून नजर टाकली, जशी आपण इसाड सरळ आहे का ते बघताना टाकतो. मग पट्टी घेऊन तार आणि पडदा यांतलं अंतर मोजलं.

"सर, बाराव्या पडद्यापाशी हे अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास पाहिजे. इलेक्ट्रिकला दीड-दोन. तुमच्या गिटारीला पाच आहे."

"पावसानं झालं असंल," मी म्हणालो.

"थोडं पावसानं. पण हे बघा." त्यानं दांड्याच्या टोकाची छोटी पांढरी पट्टी दाखवली. तिच्या खाचांत तारा बसतात. "ह्या खाचा पुरत्या कापलेल्याच नाहीत. हे कारखान्यातनंच राहिलंय. पहिल्या दिवसापासून ही अशीच असणार. हिच्यावर एफ कॉर्ड मलासुद्धा येणार नाही." आणि सहज विचारलं, "तेव्हा कुणी बघितलं नाही का?"

मी काही बोललो नाही. बघितलं होतं. बॅटरीच्या उजेडात, अंगठ्याचं नख घालून. ज्या माणसानं जन्मात गिटार पाहिली नव्हती, त्याला पहिल्या रात्री दिसलं होतं. वाद्य कुठलंही असो, आधी ते लावायचं असतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि मी त्याला हसलो होतो.

लेकीचा प्रश्न राहिलाच होता. साधी की इलेक्ट्रिक? मी पुन्हा "आधी साधी" म्हटलं, तर तो पोरगा म्हणाला, "सर, ही काही पहिली-दुसरीची इयत्ता नाही. दोन्हींवर बोटं त्याच जागी पडतात, पण वाद्यं दोन आहेत." मग त्यानं दोन्ही समोर ठेवून समजावलं. साध्या गिटारीत तारेची थरथर पोटावरच्या पातळ फळीला मिळते आणि पोकळीत आवाज मोठा होतो. वायर नको, वीज नको. उचलली की वाजवली, सोबत गाता येतं. पण तारा जाड. सर्वांत बारीक तार इंचाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबानं बारा, तर इलेक्ट्रिकची नऊ. म्हणून इलेक्ट्रिकवर कोवळ्या बोटांना त्रास कमी. नायलॉनच्या तारांचीही एक मिळते, ती मऊ, पण तिचा दांडा रुंद, लहान पंजाला जड जातो.

इलेक्ट्रिकच्या तारांखाली लोहचुंबक, त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. आमच्याकडं मोटार रिवायंडिंग कुणाला समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळं हे मला पटकन कळलं. पोलादी तार हलली की वेढ्यांत किंचित वीज तयार होते, आणि खोकं, म्हणजे अँप, ती मोठी करून आवाज काढतो. सायकलच्या डायनामोची लहान बहीणच म्हणा. खर्च मात्र गिटारीवर थांबत नाही. अँप, वायर, सगळं मिळून पंधरा हजारांच्या घरात. साधी सहा-सात हजारांत होत होती.

शेवटी त्यानं लेकीला दोन प्रश्न विचारले. "तुला कुठली गाणी वाजवायचीत? आणि वाजवणार कधी, कुठं?"

पहिल्याचं उत्तर तिनं दिलं, त्यातली नावं मला कळली नाहीत. दुसऱ्याचं उत्तर मला पाठ होतं. तिची आई नर्स. रात्रपाळी असली की दिवसा झोपते. आमच्या दोन खोल्यांत साधी गिटार दुपारी वाजली तर ती बाई झोपेल कधी? मी म्हणालो, "मग इलेक्ट्रिक तर अजूनच मोठी." पोरगा हसला. वायर न लावता त्यानं इलेक्ट्रिक वाजवली. डास गुणगुणावा तेवढा आवाज. "अँप बंद ठेवायचा. नाहीतर कानाला हेडफोन. शेजारच्या खोलीतसुद्धा कळणार नाही."

लाईट नसली तर ती वाजणारच नाही, असं दादा आणि मी दोघंही धरून बसलो होतो. ती वाजते. हळू वाजते, आणि आमच्या घराला तेच हवं होतं. लेकीनं इलेक्ट्रिक घेतली. पैसे थोडे उधारीवर गेले, पण ती रोज अर्धा तास हातात असते.

माझ्या जुन्या गिटारीच्या खाचा त्यानं कापल्या, ब्रिजवरची पट्टी घासून खाली बसवली, हलक्या तारा चढवल्या. सातशे रुपये झाले. घरी येऊन दार लावून घेतलं आणि पुस्तक उघडलं. एफ लागायला मला तीन आठवडे लागले. चांगली लागत नाही, पण लागते. पन्नाशीच्या जवळ आलेली, धारा काढलेली, भात लावलेली तीच बोटं आहेत.

शाळेतली पोरं आता विचारायला येतात, "सर, कुठली घेऊ?" मी आधी विचारतो, घरात कोण कोण असतं, गाणं कुठलं डोक्यात आहे, आणि पैसे किती. मग सांगतो, कुठलीही घे, पण घ्यायच्या आधी जाणत्याकडून तारांची उंची बघून घे. आणि गिटार माहीत नसलेलं घरातलं म्हातारं माणूस काही म्हणालं, तर तेही ऐकून घे.

मागच्या कार्तिकी एकादशीला दादांचा मृदंग खाली काढला. पुडी सुकून तडकली होती. ती नवी चढवून आणली. गावातला एक पोरगा वाजवतो आता. त्या रात्री भजनाआधी तो गठ्ठे ठोकत बसला होता. मी शेजारी गिटार घेऊन बसलो होतो. टाळकरी म्हणाले, "करा की चालू." पोरगा माझ्याकडं बघायला लागला.

मी म्हणालो, "लाव तू निवांत. मलाही लावायचीये."