भाद्रपदातली गोळी



दशलक्षण जवळ आलं की आपल्या हिंगोलीत बायका कॅलेंडर दोनदा बघतात. एकदा पंचमी ते चतुर्दशी मोजायला, एकदा स्वतःची तारीख मोजायला. माझी वीस वर्षं अशीच गेली. तारीख पर्वात आली की मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायची नॉरएथिस्टेरॉन आणायची आणि तीन दिवस आधी सुरू करायची. शिरड शहापूरला मल्लिनाथांच्या दर्शनाला जायचं असलं तरी तेच. डॉक्टरांना कोण विचारतंय!

मागच्या भाद्रपदात सूनबाईची तारीख सप्तमीला येत होती. तिला दहा दिवस एकाशन करायचं होतं. मी कपाटातलं माझं जुनं पाकीट काढून दिलं. ती म्हणाली, “आई, ही दिवसातून तीनदा घ्यायची. एकाशनात पाणीसुद्धा एकदाच. बाकीच्या दोन कशा घेऊ?”

मला उत्तर सुचेना. मी तर जेवताना एकच घ्यायचे, आणि चौथ्या दिवशी डाग दिसला की कर्माला दोष द्यायचे.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी डोकेदुखीचं विचारलं. सूनबाईला अर्धशिशी आहे, दुखण्याआधी डोळ्यांपुढं नागमोडी चमक येते. बाईंनी पेन खालीच ठेवला. अशा बाईला इस्ट्रोजेनच्या गोळीनं पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि नॉरएथिस्टेरॉनची मात्रा मोठी असली की तिचं थोडं इस्ट्रोजेन शरीरातच तयार होतं.

मी म्हटलं, मग रोज एकच घ्यायची ती माला-एन? तिच्या पाकिटात 21 गोळ्या हार्मोनच्या, 7 लोहाच्या. लोहाच्या सोडून लगेच पुढचं पाकीट सुरू केलं की पाळी पुढं जाते. अमेरिकेत तर 84 दिवस सलग घ्यायची गोळी 2003 साली मंजूर झाली. बाई म्हणाल्या, हिला तीही नको, तिच्यात इस्ट्रोजेनच आहे. तसंच बीपी वाढलेलीला, रक्ताची गुठळी होऊन गेलेलीलाही नको. निरोगी बाईला मात्र सलग घेतल्यानं नेहमीच्या पद्धतीपेक्षा जास्त अपाय आढळलेला नाही, गर्भ रोखण्यातही ती तितकीच पक्की. लोहाच्या आठवड्यात जातं ते खरी पाळी नव्हेच, म्हणून ‘आत साठतं’ ही भीती खोटी. पण सुरुवातीचे काही महिने मधेच डाग लागतात, त्यामुळे पर्वाच्या तोंडावर सुरू करून उपयोग नाही.

नव्या नवऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. पुढं ढकलायची गोळी गर्भनिरोधक नाही. तिच्या भरवशावर राहू नका.

सप्तमीला सूनबाई बाजूला बसली. मंदिर राहिलं, एकाशन राहिलं नाही. ताट मीच नेऊन द्यायचे.

क्षमावाणीच्या दिवशी मी तिला म्हटलं, “त्या पाकिटासाठीही क्षमा कर गं.” तिनं ते जपूनच ठेवलं होतं. हसत माझ्यापुढं धरलं. त्याची मुदत तीन वर्षांपूर्वीच संपली होती.