काळी चार ते काळी दोन

मराठीत 'पट्टी' या शब्दाचा संसार मोठा आहे. शाळकरी मुलाच्या दप्तरातली पट्टी, जखमेवरची पट्टी, नगरपालिकेची पाणीपट्टी, आणि या सर्वांहून वेगळी अशी गवयाची पट्टी. पेटीवर बोटाखाली येते तीही पट्टी, आणि गायकाने आपल्या षड्जासाठी निवडलेली उंची तीही पट्टीच. माणूस चिडला की तो 'वरच्या पट्टीत' बोलू लागतो. म्हणजे संगीत न जाणणाऱ्यालाही हा शब्द आपला वाटतो. पट्टी सांगण्याची मराठी रीतही साधी, डोळ्यांना दिसेल अशी आहे: काळी एक, काळी दोन, पांढरी चार. तमिळ गायक मात्र पांढऱ्या पट्ट्या ओळीने मोजतो आणि मधल्या काळ्या पट्टीला अर्धा मानतो. त्यामुळे मराठी गायिका जिला काळी चार म्हणते, ती चेन्नईच्या गायिकेची साडेपाच कट्टै होते. नावे भिन्न, सूर एकच.

या पट्टीविषयी लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आपल्या लिखित संगीतात तिला स्थान नाही. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरविल्या. पण त्यातला 'सा' कोणत्या उंचीचा, हे ती लिपी सांगत नाही. ते सांगण्याचे तिला कारणच नव्हते. षड्ज ज्याचा त्याने लावायचा. तंबोरा गळ्याला मिळवायचा, गळा तंबोऱ्याला नव्हे. सामान्यतः पुरुष काळी एकच्या आसपास गातात आणि स्त्रिया काळी चारच्या आसपास. दोहोंत सात अर्धस्वरांचे अंतर. तरी बंदीश तीच राहते. पट्टी ही रचनेची नसते, देहाची असते. देहाबरोबर ती बदलते आणि वयाबरोबर उतरतेही.

युरोपातून आलेल्या पेटीने या व्यवस्थेला प्रथम धक्का दिला. सप्तकाचे बारा समान भाग करून बसविलेले तिचे स्वर हलत नाहीत, मिंड घेत नाहीत. या व अशा आक्षेपांवरून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली, आणि १९७१ नंतरच ती हळूहळू सैल झाली. पण ज्या समान विभागणीने श्रुतींचा बळी घेतला, तिनेच एक सोयही दिली: कोणत्याही पट्टीला षड्ज माना, स्वरांमधली अंतरे तीच राहतात. साथीदाराने मात्र दर पट्टीची बोटे नव्याने बसवावी लागत. गायिकेने बसल्याबसल्या पट्टी बदलली, की चांगल्या पेटीवाल्याची परीक्षा होई.

विजेवर चालणाऱ्या, तालासुरांची तयार साथ देणाऱ्या कीबोर्डने ही परीक्षाही रद्द केली. त्यावर 'ट्रान्स्पोज' नावाचे बटण असते. ते दाबले की प्रत्येक स्वर एकेका अर्धस्वराने वर किंवा खाली सरकतो. बोट पांढरी एकवर असते आणि कानाला काळी चार ऐकू येते. १९८३ साली 'मिडी' ही संकेतपद्धती प्रचारात आल्यावर मुद्रणाचे स्वरूपच पालटले. अशा मुद्रणात ध्वनी साठविलेला नसतो. कोणती पट्टी, केव्हा, किती जोराने दाबली याच्या आकड्यांची ती नोंद असते. फितीवरचे गाणे एका अर्धस्वराने चढवायचे तर फितीचा वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढवावा लागे, आणि लयही चढत असे. इथे आकड्यांत एक मिळविला की पट्टी बदलते. लय जागची हलत नाही.

वडोदऱ्यातल्या एका मराठी घरात मात्र या सुलभतेची मर्यादा एका संध्याकाळी उघडी पडली. त्या घरातले धाकटे दीर हौशी पेटीवादक. पुढे कीबोर्डकडे वळले. २००८ साली त्यांनी आपल्या वहिनींसाठी भूप रागातल्या एका अभंगाची साथ कीबोर्डवर मुद्रित करून ठेवली होती. वहिनींची पट्टी तेव्हा काळी चार. त्या साथीवर त्या भजनी मंडळात कितीतरी वर्षे गायल्या. पुढे एक आजारपण आले, आवाज खाली गेला, आणि अंतऱ्यातला तार षड्ज हाती लागेना. मंडळात जाणे त्यांनी आधी कमी केले, मग बंद केले. कारण कोणी विचारले तर गुडघ्यांचे सांगत. पट्टी उतरविणे हा पर्याय त्यांना ठाऊक नव्हता असे नाही. पण जी साथ घरात होती ती त्यांच्या बावन्नाव्या वर्षाची होती, आणि तिच्यापुढे उभे राहणे त्यांना जड जात होते.

२०२४ च्या गणेशोत्सवाआधी दिरांनी ते मुद्रण पुन्हा लावले आणि पाच अर्धस्वर खाली उतरविले. काळी चारची काळी दोन झाली. पेटी, बासरी, तंबोरा, सगळे बिनबोभाट खाली आले. वहिनींनी दोन ओळी म्हटल्या आणि त्या थांबल्या. "भावोजी, माझा आवाज उतरला हे कबूल, पण तुमचा तबला अजून जुन्याच पट्टीत बसलाय की!"

त्यांचा कान अचूक होता. अशा वाद्यात तालवाद्यांच्या वाहिनीतली पट्टी म्हणजे स्वर नसतो, बोल असतो: एकीवर 'ना', दुसरीवर 'तिं', तिसरीवर 'धा'. ती वाहिनी सरकविली तर 'ना'च्या जागी भलताच बोल वाजेल. म्हणून पट्टी बदलताना यंत्र तिला वगळते. पाश्चात्त्य ढोलांच्या बाबतीत हे खपून जाते. तबला मात्र गायकाच्या षड्जात मिळविलेला असतो. २००८ साली दिरांनी त्याचा सूर खटपट करून काळी चारला लावला होता, आणि तो तिथेच राहिला. काळी दोनच्या हिशेबाने काळी चार म्हणजे मध्यम; आणि भूपात मध्यम वर्ज्य. राग ज्या स्वराला दारात उभे करीत नाही, तोच स्वर तबल्याच्या प्रत्येक 'ना'बरोबर आत येत होता.

दिरांनी तबल्याचा सूर पाच अर्धस्वर खाली ओढून पाहिला. तो सैल, पाणी शिरलेल्या कातड्यासारखा वाजू लागला. खऱ्या मैफलीत असे कोणी करीत नाही. काळी चारचा तबला रुंद तोंडाचा असतो; काळी दोनला तबलजी लहान तोंडाचा, टिपेचा तबला काढतो. गळा खाली येतो तेव्हा तबला वर चढतो, हा अनुभव यंत्राच्या हिशेबात नव्हता. अखेर त्यांनी जुन्या साथीची दुरुस्ती सोडून दिली. "वहिनी, आज तुम्हाला कुठे बरे वाटते तेवढे सांगा," असे म्हणून ते पेटी घेऊन बसले. वहिनींनी तीन-चारदा षड्ज लावून पाहिला आणि काळी दोनही नाकारली; पांढरी तीनवर, एक अर्धस्वर वर, त्या स्थिरावल्या. साथ त्या पट्टीत नव्याने मुद्रित झाली, तबल्याचा निराळा, चढा ध्वनी निवडून. त्या गणेशोत्सवात वहिनी गायल्या.

जुने मुद्रण पुसलेले नाही. दिरांच्या वहीत आता प्रत्येक मुद्रणापुढे गाण्याचे नाव, साल आणि पट्टी अशा तीन नोंदी असतात. बंदिशींच्या पुस्तकांना जी तिसरी नोंद कधी लागली नव्हती, ती मुद्रणाच्या वहीला टाळता आली नाही; कारण कागदावरचा षड्ज गाणाऱ्याची वाट पाहत थांबतो, आणि मुद्रणातला षड्ज एका विशिष्ट दिवशीच्या गळ्यापाशी थांबलेला असतो.