ग्रीनव्हिलला जाऊन आले

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारतात. नायगारा पाहिला का, आणि न्यूयॉर्कचा तो मशालवाला पुतळा पाहिला का? मी दोन्हीही पाहिलं नाही. मी पाहून आले ते फ्लॉरिडामधलं ग्रीनव्हिल. हे सांगितलं की समोरच्या बाई क्षणभर गप्प होतात आणि मग विचारतात, "तिथं काय आहे?"

तसं पाहिलं तर काहीच नाही. हजाराच्या आतली वस्ती, एक रेल्वेचा रूळ, दोन रस्ते एकमेकांना छेदून जातात तो चौक, एक तळं. मी गेले ती यांच्यासाठी.

१९७६ साली यांनी चोरबाजारातून एक जुनी तबकडी आणली. वेष्टनावर काळा चष्मा लावलेला एक गायक. नाव रे चार्ल्स. तबकडीचं नाव 'मॉडर्न साउंड्स इन कंट्री अँड वेस्टर्न म्युझिक', साल १९६२. आमच्या घरात तोवर गीतरामायण आणि माणिक वर्मा यांच्यापलीकडे कुणाला प्रवेश नव्हता. पहिल्याच रविवारी मी स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, "हा माणूस गातो आहे की रडतो आहे?" हे म्हणाले, "दोन्ही."

पुढे दर रविवारी तेच. त्यातही दुसऱ्या बाजूचं पाचवं गाणं यांच्या विशेष आवडीचं. एका रविवारी माझ्या माहेरची माणसं यायची होती, घरात पसारा पडलेला, आणि हे डोळे मिटून बसलेले. मी तरातरा गेले आणि सुई खसकन उचलली. तबकडीवर चरा पडला. हे काही बोलले नाहीत. तेव्हापासून त्या गाण्यात एका जागी सुई अडखळून पुढे उडी घेई. हे तसंच ऐकत राहिले, पण 'जरा ऐक तरी' असं मला पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. मुलगी अटलांटाला असते. तिच्याकडे गेले असता जावई एके दिवशी म्हणाले, "आई, बाबांच्या त्या गायकाचं गाव इथून पाच तासांवर आहे. तुम्ही म्हणाल तर शनिवारी निघू." मी हो म्हटलं आणि रात्रभर मला झोप आली नाही.

जॉर्जियाची माती तांबडी, थेट आपल्या कोकणासारखी. मध्येच पेकान नावाच्या अक्रोडाच्या जातीच्या झाडांच्या बागा, एकसारख्या रांगा धरून उभ्या. वाटेत ऑल्बनी लागलं. तिथं १९३० साली रे चार्ल्सचा जन्म झाला. नदीकाठी त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, पियानोवर बसलेला, आणि तो सावकाश गोल फिरतो. पुतळा फिरता करण्याची कल्पना मला काही पटली नाही. माणूस वाजवतो आहे, त्याला स्वस्थ बसू द्यावं! पण तो तान्हा असतानाच त्याच्या आईनं ऑल्बनी सोडलं आणि ती ग्रीनव्हिलला आली. म्हणून आम्हीही थांबलो नाही.

ग्रीनव्हिल जवळ येऊ लागलं तशी ओकच्या झाडांवरून लोंबणाऱ्या करड्या शेवाळाच्या जटा दिसू लागल्या. गावात पोचलो तेव्हा दुपार होती. रस्त्यावर माणूस नाही. त्याचं घर जतन करून ठेवलं आहे. आम्ही ते बाहेरूनच पाहिलं. लहानसं लाकडी घर. आपल्याकडे गिरणगावातली खोली याहून फार लहान नसेल. आई लोकांचे कपडे धुऊन संसार चालवी. रे पाच वर्षांचा असताना त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज कपडे धुण्याच्या मोठ्या टपात पडला. रेनं त्याला ओढून काढायची धडपड केली, पण पाण्यानं भिजलेलं पोर त्याच्यानं उचललं गेलं नाही. त्यानंतर काही महिन्यांतच रेची नजर जाऊ लागली आणि सातव्या वर्षी पूर्ण गेली. आई मात्र त्याच्याकडून लाकडं फोडून घ्यायची, फरशी घासून घ्यायची. मी काही कायम पुरणार नाही, तुझं तुला आलं पाहिजे, हा तिचा हिशेब. तो हिशेब खरा ठरला. १९४५ साली ती गेली तेव्हा रे जेमतेम चौदा वर्षांचा होता.

या गावात वायली पिटमन नावाच्या गृहस्थांचं 'रेड विंग कॅफे' होतं. तिथं पियानो होता. तीन वर्षांचं हे पोर आवाज ऐकून धावत यायचं आणि पिटमन वाजवणं थांबवून त्याला शेजारी बसवून घ्यायचे. दुसरा गुरू म्हणजे रेडिओ. शनिवारी रात्री नॅशव्हिलहून 'ग्रँड ओल ऑप्री' हा कार्यक्रम लागे. गाणारे बहुतेक गोरे, फिडल आणि गिटारवर शेतकऱ्याची, ताटातुटीची, घर सुटल्याची साधी गाणी म्हणणारे. तिकडे त्यांना कंट्री म्हणतात. आई रेला त्यासाठी जागू द्यायची.

ते दिवस असे होते, की काळ्या माणसाला गोऱ्यांच्या हॉटेलात बसता येत नसे, त्यांच्या नळावर पाणी पिता येत नसे. सेंट ऑगस्टीनला अंध-बधिरांच्या सरकारी शाळेत १९३७ साली रेला घातलं. तिथंसुद्धा काळी मुलं वेगळी आणि गोरी मुलं वेगळी. ज्यांना रंगच दिसत नाही त्यांची रंगावरून वाटणी! गाण्यांचीही वाटणी तशीच होती. १९२०च्या सुमारास तबकड्यांच्या कंपन्यांनी दोन कपाटं केली: काळ्यांचं ब्लूज एकात, गोऱ्यांची डोंगरी गाणी दुसऱ्यात. खरं तर त्या डोंगरी गाण्यांतलं बँजो हे वाद्य आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांबरोबर आलेलं. कंट्रीचा मोठा गायक हँक विल्यम्स लहानपणी शिकला तो रूफस पेन नावाच्या एका काळ्या, रस्त्यावर गाणाऱ्या माणसाकडून. गंमत म्हणजे पेन राहणारा ग्रीनव्हिलचाच, पण अलाबामामधल्या ग्रीनव्हिलचा.

तर १९६२ सालच्या फेब्रुवारीत रे चार्ल्सनं ठरवलं, की दुसऱ्या कपाटातली गाणी आपण म्हणायची. तेव्हा तो नावारूपाला आला होता. तुझे ऐकणारे तुला सोडून जातील, असं कंपनीतल्यांनी सांगून पाहिलं. त्यानं ऐकलं नाही. बारा गाणी निवडली, त्यांत हँक विल्यम्सचीही. कुठं व्हायोलिनांचा ताफा, कुठं पितळी वाद्यांचा मोठा बँड, आणि मध्ये त्याचा तो ब्लूजचा गळा. तबकडी अमेरिकेत चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. त्यातलं 'आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू' हे डॉन गिब्सनचं गाणं पाच आठवडे.

हेच ते दुसऱ्या बाजूचं पाचवं. आपल्या भजनात बुवा पुढे आणि टाळकरी मागे. इथं उलटं आहे. कोरस ओळ सरळ, स्वच्छ, शाळेतल्या प्रार्थनेसारखी म्हणतो आणि बुवा मागून येतो. रेंगाळत, शब्द ओढत, कधी अर्ध्यावरच सोडून देत. ओळ तीच. पण कोरसच्या तोंडी ती नुसती सांगितलेली वाटते, आणि हा ती भोगून आलेला असतो. हे मला आत्ता कळलं. तेव्हा कळलं असतं तर रविवारी पोळ्या थोड्या उशिरा झाल्या असत्या, इतकंच.

तळ्याकाठच्या बागेत त्याचा आणखी एक पुतळा आहे. हा फिरत नाही. मी समोरच्या बाकावर बसले. एक वृद्ध काळ्या बाई नातवाला घेऊन आल्या होत्या. माझ्या साडीकडे पाहून त्यांनी कुठून आलात म्हणून विचारलं. मी मुंबई म्हटलं. "यांच्यासाठी?" त्यांनी पुतळ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, "माझ्या यजमानांसाठी." मुलीनं ते इंग्रजीत नीट सांगितलं. बाईंनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

परतताना अंधार पडला. जावयांनी विचारलं, "आई, लावू का?" मी मान हलवली. गाडीत कोरस सुरू झाला, मागून तो आला. मी खिडकीबाहेर बघत होते. ती जागा जवळ आली तशी मी पदर मुठीत धरून सुई अडखळायची वाट पाहू लागले. गाणं सरळ पुढे निघून गेलं. त्या उडीत गेलेले दोन शब्द मी पहिल्यांदाच ऐकले.

"आई, पुन्हा लावू?" जावयांनी विचारलं.

"लावा," मी म्हटलं.