गाडी उभी आहे, ड्रायव्हर नाही

३० नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळी आठला शहापूरहून मोटरसायकल काढली ती मुरबाड तालुक्यातल्या एका गावी जायला. पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप, चार्जर आणि एक पेन ड्राइव्ह. भातकापणी उरकली होती, खळ्यांवर झोडणी चालू होती. त्या गावात आमच्या नात्यातले एक चाचा राहतात. गावातल्या लहानशा मशिदीचे आणि कब्रस्तानाचे ते मुतवल्ली. वय बहात्तर. सगळी नोकरी एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून झाली.

काम असं होतं. वक्फ मालमत्तांची माहिती केंद्र सरकारच्या ‘उमीद’ पोर्टलवर भरायची होती. पोर्टल ६ जून २०२५ ला सुरू झालं, मुदत सहा महिन्यांची. म्हणजे डिसेंबरचा पहिला आठवडा ही शेवटची वेळ. मुदत वाढवून मिळावी म्हणून सुप्रीम कोर्टात अर्ज गेले होते आणि त्यांची सुनावणी दुसऱ्याच दिवशी, सोमवारी होती. वाढेल, असं सगळे म्हणत होते. चाचा म्हणत नव्हते. “गाडी लेट सुटेल म्हणून घरून उशिरा निघणारा माणूस हमखास चुकतो,” असं त्यांचं म्हणणं.

नव्या वक्फ कायद्याबद्दल मला जे म्हणायचं आहे ते वेगळ्या लेखात म्हणेन. आज सांगायचं आहे ते त्या दिवशी लॅपटॉपने केलेल्या घाताबद्दल. खरं तर लॅपटॉपने नाही, मीच केलेल्या.

माझा लॅपटॉप दहा-अकरा वर्षांचा, तोही जुना घेतलेला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला आणि विंडोज ११ साठी जो प्रोसेसर लागतो तो माझ्या यंत्रात नाही. चालतं यंत्र भंगारात कशाला घालायचं, म्हणून त्यावर लिनक्स बसवली. पैसे लागत नाहीत, जुन्या यंत्रावर नीट पळते, मराठी टायपिंगही होतं. दीड महिना सगळं सुरळीत होतं.

शनिवारी रात्री, उद्या महत्त्वाचं काम आहे म्हणून, मी एक शहाणपणा केला. कोपऱ्यात ‘अपडेट उपलब्ध’ असं दिसत होतं. म्हटलं, सगळं ताजं करून घेऊ या, उद्या अडचण नको. अपडेट झालं, लॅपटॉप बंद केला आणि झोपलो. पुन्हा सुरू करून पाहिलं नाही.

चाचांचं घर डोंगराच्या पायथ्याला. घरात मोबाइलला रेंज नाही, गच्चीवर एक-दोन कांड्या येतात. पण शेजारच्या किराणा दुकानात ब्रॉडबँड आहे आणि दुकानदाराने मोठ्या मनाने वायफायचा पासवर्ड दिला होता. बेत ठरला होता. मी ओटीवर बसून फॉर्म भरायचा. चाचांचा नातू फोन घेऊन गच्चीवर उभा राहणार आणि ओटीपी आला की वरून ओरडणार.

लॅपटॉप सुरू केला. वायफायचं चिन्ह नाही. जोडणी तुटल्याची खूण असते तीही नाही. सेटिंगमध्ये गेलो, तर वायफाय हा शब्दच यादीतून गायब.

पुढचा तासभर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. तीनदा लॅपटॉप बंद-चालू केला. दुकानदाराला त्याचा राउटर बंद करून सुरू करायला लावला. त्या बिचाऱ्याचं स्कॅन करून पैसे घेण्याचं काम तेवढा वेळ अडलं. मग फोनचं नेट केबलने लॅपटॉपला देऊ म्हटलं. गच्चीवर गेलो, घरातली केबल लावली. फोन चार्ज व्हायला लागला, पण लॅपटॉपला फोन दिसेना. स्वस्तातल्या काही केबलींत फक्त विजेच्या तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या नसतातच. ही तशीच. माझी चांगली केबल शहापूरला टेबलावर. सगळा फॉर्म फोनवरच भरू असंही मनात आलं. पण कागदपत्रं सगळी लॅपटॉपमध्ये, आणि त्या एवढ्याशा पडद्यावर गट नंबर, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा टाकताना एक आकडा चुकला तर निस्तरणार कोण?

चाचा खुर्चीवर बसून हे सगळं शांतपणे पाहत होते. शेवटी म्हणाले, “काल चालत होतं ना?”

“हो, चाचा. काल रात्री दहापर्यंत.”

“मग काल आणि आजमध्ये काय बदललं?”

मी अपडेटचं सांगितलं. ते हसले. म्हणाले, डेपोत बिघडलेली गाडी आली की आम्ही आधी बॉनेट उघडत नव्हतो. आधी विचारायचो, शेवटचा हात कोणी लावला आणि काय केलं. निम्मा बिघाड तिथेच सापडायचा.

मी खाली बसलो आणि पहिल्यांदाच क्रमाने विचार केला. दुकानदाराच्या फोनवर तेच वायफाय चालतंय, म्हणजे राउटर निर्दोष. मग टर्मिनल उघडलं. लिनक्समध्ये ‘आरएफकिल’ नावाची आज्ञा आहे. वायफाय बटणाने किंवा सॉफ्टवेअरने बंद केलं गेलंय का, ते ती सांगते. माझ्याकडे त्या यादीत ब्लूटूथ होतं, वायफाय नव्हतंच. म्हणजे ते कोणी बंद केलं नव्हतं, ते यंत्रणेला माहीतच नव्हतं. मग ‘एलएसपीसीआय’ चालवली. ही आज्ञा आतल्या कार्डांची यादी देते. तिथे वायफायचं कार्ड दिसलं. जिवात जीव आला. कार्ड जळलेलं नव्हतं. याच आज्ञेला पुढे ‘के’ जोडला की कोणत्या कार्डाला कोणता ड्रायव्हर लागलाय ते कळतं. बाकी सगळ्या कार्डांखाली ड्रायव्हरचं नाव होतं, वायफायखाली ती ओळच नव्हती.

चाचांनी विचारलं, “काय म्हणतंय?”

म्हटलं, “चाचा, कार्ड शाबूत आहे. ड्रायव्हर नाही.”

“म्हणजे गाडी उभी आहे, डिझेल आहे, आणि ड्रायव्हर रजेवर!” त्यांना इतकं हसू आलं की आतून चाची बाहेर आल्या.

पण उपमा अगदी चपखल होती. लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. बहुतेक वायफाय चिपांचे ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात. काही चिपांचे मात्र कंपनीचे बंद ड्रायव्हर वेगळे बसवावे लागतात, आणि माझी चिप त्यातली. असा ड्रायव्हर एका ठराविक कर्नलसाठी बांधलेला असतो. कर्नल बदलला की तो नव्याने बांधावा लागतो. हे काम आपोआप करणारी डीकेएमएस नावाची व्यवस्था असते, पण तिला त्या कर्नलच्या हेडर फायली लागतात. शनिवारच्या अपडेटने माझा कर्नल ६.८ वरून ६.१४ वर नेला होता. नवी गाडी डेपोत आली, पण तिचं लायसन्स ड्रायव्हरकडे नव्हतं.

आता पेच असा, की हेडर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी हेडर हवेत. विहीर खणायला पाणी पाहिजे, अशातली गत.

“जुनी गाडी काढून टाकली का?” चाचांनी विचारलं.

आणि मला आठवलं. नाही! कर्नलचं अपडेट होतं तेव्हा जुना कर्नल लगेच पुसला जात नाही. नवा बिघडला तर परत जाता यावं म्हणून आधीचा बाजूला ठेवलेला असतो. लॅपटॉप पुन्हा सुरू केला, सुरू होताना शिफ्ट दाबून धरलं. काळा पडदा आला. हा ग्रबचा मेनू. त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’खाली दोन कर्नल होते. जुना, ६.८ चा, निवडला. अर्ध्या मिनिटात पडदा उजळला आणि कोपऱ्यात वायफायचं चिन्ह. दुकानाचं नाव यादीत सगळ्यात वर. माझ्या तोंडून आपसूक ‘अल्हम्दुलिल्लाह’ निघालं.

जोहरची नमाज झाली आणि आम्ही बसलो. चाचांनी पत्र्याची पेटी काढली. त्यात मशिदीची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालची नोंद, वक्फ बोर्डाची पुढची नोंद, जुने सातबारे, आणि त्यांच्या वडिलांच्या हातचा, कब्रस्तानाच्या कुंपणाच्या खर्चाचा कागद. सगळं स्कॅन मी आधीच केलेलं होतं, पण चाचा एकेक मूळ कागद हातात धरून आकडा वाचत होते आणि मी टाकत होतो. वक्फ बोर्डाची नोंद झाल्यावर ती जुनी नोंद टाकून द्यायला एकाने त्यांना सांगितलं होतं म्हणे. त्यांनी टाकली नाही. एका ठिकाणी क्षेत्रफळ जुळेना, तेव्हा त्याच जुन्या कागदाने वाट दाखवली.

नातवाने गच्चीवरून ओटीपी ओरडून सांगितले. दुसऱ्या वेळी शेजारचा एक म्हातारा विचारायला आला, की पोरगा वर आकडे का ओरडतोय, मटका लागला का? असरच्या अजानपर्यंत मशीद आणि कब्रस्तान, दोन्हींची माहिती भरून पुढच्या तपासणीसाठी गेली. तिसरी नोंद राहिली. मशिदीच्या दिवाबत्तीसाठी कोणीतरी दिलेला जमिनीचा एक तुकडा. सातबाऱ्यावर अजून देणाऱ्याच्या वडिलांचं नाव. तो बिघाड कोणत्याही कर्नलने सुटणारा नव्हता.

सोमवारी, १ डिसेंबरला, सुप्रीम कोर्टाने सरसकट मुदतवाढ द्यायला नकार दिला. ज्यांना अडचण आहे त्यांनी वक्फ न्यायाधिकरणाकडे जावं, असं सांगितलं. चाचांचा फोन आला. ‘मी म्हटलं होतं’ असं ते म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, “बरं झालं काल आलास.”

रविवारी रात्री शहापूरला परतल्यावर जुन्या कर्नलवरूनच लॅपटॉपची दुरुस्ती केली. ‘डीकेएमएस स्टेटस’ पाहिलं. ड्रायव्हर फक्त ६.८ साठी बांधलेला. चूक माझीच निघाली. ऑक्टोबरमध्ये लिनक्स बसवताना डेटा वाचवायला मी हेडर फक्त त्या एका आवृत्तीचे घेतले होते. प्रत्येक नव्या कर्नलबरोबर हेडर आणणारं पॅकेज वेगळं असतं, ते घेतलंच नव्हतं. ते घेतलं, ड्रायव्हर बांधला, नव्या कर्नलवर सुरू केलं. वायफाय हजर. वीस मिनिटांचं काम.

कोणावर अशी वेळ आली तर क्रम हा ठेवा. दुसऱ्या फोनवर तेच वायफाय चालतं का पाहा. मग बटण किंवा सॉफ्टवेअरने अडवलंय का पाहा. मग कार्ड दिसतं का आणि त्याला ड्रायव्हर आहे का पाहा. नसेल, तर जुन्या कर्नलवर जाऊन पाहा. ज्या यंत्रात ‘सिक्युअर बूट’ चालू आहे तिथे बाहेरून बांधलेल्या ड्रायव्हरची सही यंत्राने मान्य केलेली नसेल तरी तो लागत नाही, तेही तपासा. फोनला केबल लावून नेट घेता येतं, फक्त केबल माहिती नेणारी हवी. अशी एक केबल आता माझ्या पिशवीत कायम असते.

आमच्याकडे उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची हदीस नेहमी सांगितली जाते. मीही सांगतो. त्या शनिवारी रात्री मी उंटाचा दोर बदलला होता, आणि गाठ बसली का ते ओढून पाहिलं नव्हतं. चाचा मुदतवाढीच्या भरवशावर बसले असते आणि पेटीतले जुने कागद रद्दीत गेले असते, तर माझं सगळं लिनक्स तिथे शून्य होतं.

तिसऱ्या तुकड्याचं काम अजून चालू आहे. फेरफार शोधायला पुढच्या मंगळवारी चाचांबरोबर मुरबाडच्या तहसील कचेरीत जायचं आहे. त्याआधी अपडेट करणार नाही.