दुसरा हात

त्या सकाळी मी काकांचं ब्लड प्रेशर एकाच हाताचं घेतलं. ही चूक आज सगळ्यांसमोर सांगतो आहे, कारण ती माझ्याच हातून झाली आणि उद्या आणखी कुणाच्याही हातून होऊ शकते.

तालुक्याच्या गावात माझा बावीस वर्षांचा दवाखाना. समोरच काकांचं शिवणकामाचं दुकान. माझ्या शाळेच्या खाकी चड्ड्या त्यांनीच शिवलेल्या. वय सहासष्ट, दहा वर्षांपासून ब्लड प्रेशरची गोळी चालू. खरं तर माझी पहिली चूक त्या सकाळच्या दोन महिने आधीची. सर्दीचं औषध न्यायला ते आले होते तेव्हा प्रेशर 170 भरलं. विचारलं, तर म्हणाले, "गोळी संपली होती. काही त्रास नाही, म्हणून बंदच ठेवलीय." बाहेर वीस माणसं खोळंबली होती. मी चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहिलं, "घेत जा हो काका" म्हटलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्रास नसतानाही गोळी का घ्यायची, हे पाच मिनिटं बसून सांगितलं नाही. चिठ्ठी त्यांच्या खिशातच राहिली.

डिसेंबरात एका सकाळी आठच्या सुमारास मुलगा त्यांना धरून घेऊन आला. दरदरून घाम, चेहरा पांढराफटक. टेबलावर आडवं होता होता म्हणाले, "डॉक्टर, कापड बेतत होतो. एकदम आत काहीतरी टर्रकन फाटलं. छातीतून पाठीत गेलं."

ते वाक्य मी ऐकलं. केसपेपरवर मात्र लिहिलं, 'छातीत दुखणे, घाम.' 'फाटलं' हा शब्द कागदावर आलाच नाही. पाठ आली नाही, 'एकदम' आलं नाही. ईसीजी काढला, खालच्या लीड्समध्ये थोडा बदल दिसला आणि माझं निदान तिथेच पक्कं झालं: हार्ट अटॅक. डाव्या हाताला सलाइन लावत होते म्हणून सिस्टरने पट्टा उजव्या दंडाला बांधला. 110/70. मी काकूंना म्हणालो, "बीपी एकदम छान आहे, घाबरू नका."

दोन महिने गोळी न घेतलेल्या, एवढ्या वेदनेत तळमळणाऱ्या माणसाचं बीपी इतकं छान कसं, हा प्रश्न मला पडायलाच हवा होता. पडला नाही. अटॅकच्या रुग्णाला देतात तशी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चावायला दिली, चिठ्ठी लिहिली आणि गाडी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवून दिली.

तिथे एक तरुण डॉक्टर ड्यूटीवर होती. माझी चिठ्ठी वाचून गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यायची तयारी झाली होती. त्याआधी तिने काकांची दोन्ही मनगटं एकाच वेळी धरली. उजवी नाडी जेमतेम लागत होती, डावी ठणठणत होती. डाव्या हाताचं प्रेशर निघालं 184. तिने इंजेक्शन थांबवलं आणि सीटी अँजिओ करून घेतली. तासाभराने फोन आला, "सर, महाधमनी चिरलीय. टाइप ए डिसेक्शन." आणि मग, "तुम्ही डाव्या हाताचं बीपी घेतलं होतं का?" मी "नाही" म्हणालो. ती पुढे काही बोलली नाही.

हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. तिच्या आतल्या अस्तराला चीर पडली की कोटाचं अस्तर उसवावं तसं ते सुटत जातं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर रक्त अस्तर आणि कापड यांच्या मधल्या फटीत घुसतं आणि चीर पुढे सरकते. वाटेत ज्या अवयवाची वाहिनी लागेल तिचं तोंड दाबलं जातं. काकांच्या उजव्या हाताची वाहिनी दाबली गेली होती, म्हणून माझा 110 चा आकडा खोटा होता. हृदयाच्या उजव्या वाहिनीलाही धक्का बसला होता, म्हणून ईसीजी अटॅकसारखा दिसला. चीर हृदयाच्या लगतच्या भागात असेल तर त्याला टाइप ए म्हणतात, आणि त्यावर तातडीची शस्त्रक्रिया हाच उपाय. ती झाली नाही तर पहिले दोन दिवस दर तासाला शंभरातला एखाद-दुसरा रुग्ण दगावतो, असं आम्हाला शिकवलेलं असतं. मलाही शिकवलं होतं.

काकांना पुण्याला नेलं. हार्ट-लंग मशीनवर घेऊन शरीर थंड करतात, काही वेळ रक्ताभिसरण थांबवतात, फाटलेला भाग कापून तिथे डेक्रॉनची नळी शिवतात. काकांच्या शस्त्रक्रियेला नऊ तास लागले. शिवण चांगली बसली होती, पण टाक्यांमधून रक्त झिरपायचं थांबेना. गोठण्याची ताकद मी सकाळी दोन गोळ्यांनी काढून घेतली होती. प्लेटलेट्सच्या पिशव्यांवर पिशव्या लागल्या. आमच्या गल्लीतली पोरं रक्त द्यायला रातोरात पुण्याला गेली. छाती त्या दिवशी बंद करता आली नाही. ती दुसऱ्या दिवशी शिवली.

काका वाचले. पण मेंदूकडे जाणारी वाहिनीही त्या चिरेत सापडली होती. डावा हात अधू झाला. मशीनवर कापड पुढे सरकवायचा तोच हात.

यापुढची चूक मला सगळ्यांत जड जाते. गावात बोललं जाऊ लागलं, 'डॉक्टरांनी वेळेवर पाठवलं म्हणून वाचले.' काकूंनी डिंकाचे लाडू आणून दिले. मी ते घेतले. चार महिने मी ते कौतुक ऐकून घेत राहिलो.

चैत्रात एका संध्याकाळी काका दुकानाच्या पायरीवर बसले होते. मला बोलावून विचारलं, "आत घातलंय ते कापड कुठलं?" मी डेक्रॉनचं सांगितलं. ह्यूस्टनच्या मायकल डेबेकी यांनी 1950 च्या दशकात बायकोच्या शिलाई मशीनवर डेक्रॉनच्या पहिल्या नळ्या शिवल्या आणि पुढे वयाच्या 97 व्या वर्षी त्यांची स्वतःचीच महाधमनी चिरली तेव्हा ते याच शस्त्रक्रियेने वाचले, हेही सांगितलं. मशीनचं ऐकून काकांचा चेहरा उजळला. मग मात्र मला राहवलं नाही. तो पट्टा, त्या गोळ्या, तो केसपेपर, सगळं सांगून टाकलं.

बराच वेळ ते आपल्या डाव्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, "मी 'फाटलं' म्हणालो होतो."

"हो काका. म्हणाला होतात."

ते रागावले नाहीत आणि 'जाऊ दे' असंही म्हणाले नाहीत. ते मला योग्यच वाटलं. आजही ते माझ्याकडेच येतात. दुकान आता मुलगा बघतो.

तेव्हापासून छातीत दुखणाऱ्या प्रत्येकाच्या दोन्ही हातांचं बीपी मी स्वतः घेतो. दोन्हींत वीसहून अधिक फरक दिसला किंवा दुखणं पहिल्या क्षणापासूनच असह्य असलं, तर कोणतीही गोळी देण्याआधी थांबतो. पेशंटचं पहिलं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहून ठेवतो. छातीत दुखणं हार्ट अटॅकचं असेल तर ॲस्पिरिन जीव वाचवते, म्हणून तिला कुणी घाबरू नये. पण ती देण्याआधी दुसरा हात बघायला एक मिनिट पुरतं.

वाचकांना दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. प्रेशरची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, ती बहुतेकांना जन्मभराची असते. आणि छातीत किंवा पाठीत एकाएकी फाटल्यासारखं झालं, तर डॉक्टरांना 'फाटल्यासारखं झालं' असंच सांगा. त्यांनी लक्ष दिलं नाही, तर पुन्हा सांगा.