दस्त्याला रंग देताना

विस्कॉन्सिनमध्ये हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरात नऊ दिवस चालतो. त्या दिवसांत शिकाऱ्याने भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे घालणं कायद्याने सक्तीचं आहे. ‘मग रायफल रानात लपवायची धडपड कशासाठी?’ असं माझ्या धाकट्या भावाने पुण्याहून फोनवर विचारलं. रास्त प्रश्न होता. हरणाच्या डोळ्यांत लाल रंग वेगळा ओळखणाऱ्या पेशी नसतात, त्यामुळे नारिंगी त्याला मळकट दिसतो. चकाकी मात्र दिसते. हात हलला की तेही दिसतं, आणि निळसर छटा तर आपल्यापेक्षा ठळक दिसते. शिवाय हरणांचा हंगाम सरला की मी कोयोटीच्या शिकारीसाठी शेतांच्या कडेला बसतो. तेव्हा अंगावर नारिंगी नसतं आणि समोरच्या प्राण्याची नजर तीक्ष्ण असते.

रायफल मी जुनी घेतली होती. दस्ता काळ्या प्लास्टिकचा, साच्यात ओतलेला. आधीच्या मालकाने त्यावर स्प्रेच्या डब्यांनी हिरवे-तपकिरी पट्टे मारले होते. दुरून छान दिसायचे, पण डावा हात जिथे पकडतो तिथला रंग चिकट झाला होता आणि नखाने निघत होता. कारण मला लगेच कळलं. डास आणि गोचिडी दूर ठेवायला आपण जे औषध अंगाला लावतो, त्यात बहुधा डीट असतं आणि ते कितीतरी रंग व प्लास्टिकं मऊ करतं. नळी साफ करायचं सॉल्व्हंटही तेच करतं. डब्यातला साधा रंग बहुतेकदा नुसता वाळतो. त्याचे रेणू एकमेकांशी जोडले जात नाहीत, म्हणून योग्य द्रावक लागला की तो पुन्हा विरघळतो.

अमेरिकेत येण्याआधी मी चाकणला एका वाहन कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये होतो. तिथली एक गोष्ट माझ्या अंगात भिनली आहे: रंग टिकतो तो खालच्या पृष्ठभागामुळे. म्हणून दस्त्यासाठी दुकानं शोधताना मी पॅटर्नची पुस्तकं बाजूला ठेवायचो आणि आधी विचारायचो, ‘तुम्ही धुता कसं? घासता कशाने?’

पहिलं दुकान पाण्यावरून चित्र उतरवणारं होतं. ही पद्धत बघायला फार सुंदर. पाण्यात विरघळणारी छापील फिल्म कोमट पाण्याच्या टाकीवर पसरतात, वरून ॲक्टिव्हेटर फवारतात, शाई तरंगत राहते आणि दस्ता हळूच बुडवला की ती वळणावळणाने त्याला बिलगते. पानं, काटक्या, झाडाची साल, सगळं फोटोसारखं उतरतं. असे फोटोसारखे पॅटर्न अमेरिकेत रुजवणारे रिअलट्री आणि मॉसी ओक हे दोन्ही ब्रँड १९८६ मध्ये सुरू झाले. पण या पद्धतीत टिकाऊपणाची सगळी मदार वरच्या क्लिअर कोटवर असते. तो काही ठिकाणी चकचकीत मारतात, आणि एका जागी टवका उडाला तर तेवढंच चित्र जुळवणं फार अवघड. माझा दुसरा आक्षेप त्याहून मोठा आहे. बारीक पानं हातात धरून सुरेख दिसतात, पण पन्नास पावलांवर ती एकमेकांत मिसळून एकच गडद पट्टा उरतो. त्या पट्ट्याचा आकार बंदुकीचाच असतो.

ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ह्यू कॉट यांनी १९४० साली प्राण्यांच्या रंगांवर मोठा ग्रंथ लिहिला. लपण्यासाठी नुसता भोवतालाशी रंग जुळून भागत नाही, कडा तोडाव्या लागतात, हे त्यांनी त्यात दाखवलं. आमच्याकडे सह्याद्रीत वाळक्या पाचोळ्यात बसलेला रातवा ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. पाय पडायची वेळ येते तरी तो दिसत नाही. मला दस्त्यावर असेच मोठे, काठ ओलांडून जाणारे, फिकट आणि गडद तुकडे हवे होते. इथल्या नोव्हेंबरातल्या मक्याच्या धसकटांचा पिवळट, ओकच्या सालीचा राखाडी-तपकिरी आणि ओल्या मातीचा गडद, एवढे तीनच रंग. राखाडीत निळ्याची झाक अजिबात नको, असं मी ठरवलं होतं.

दुसऱ्या दुकानात सिरॅमिक पॉलिमरचा लेप देत होते. सेराकोट हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. थर जेमतेम पंचवीस मायक्रॉनचा. गाडीच्या पत्र्यावर सगळे थर मिळून शंभर-सव्वाशे भरतात. पातळ थर इथे फार मोलाचा, कारण जाड रंगाने दस्त्यातली खाच आवळली तर नळी लाकडा-प्लास्टिकला टेकते आणि नेम हलतो. पण हा लेप धातूवर सुमारे १२० अंश सेल्सिअसला दोन तास भाजतात. त्या उष्णतेत साच्यातला प्लास्टिकचा दस्ता वाकू शकतो. तिथल्या कारागिराने मी न विचारताच सांगितलं, ‘प्लास्टिकला मी भट्टी खूप उतरवून ठेवतो.’ तिथेच माझं मन बसलं.

रायफल मी घरी उघडली, चेंबर रिकामं असल्याची खात्री करून बोल्ट काढला आणि नुसता दस्ता त्याच्याकडे नेला. त्याने मला काम बघू दिलं. जुना रंग उतरवला, ॲसिटोनने जपून पुसलं, मग बारीक ॲल्युमिनियम ऑक्साइडचा हलका मारा करून पृष्ठभाग खरबरीत केला. नळीची खाच आणि स्क्रूच्या जागा मास्किंग टेपने झाकल्या. झाकण्याआधी मी त्याला कडेवर पाणी ओतून बघायला लावलं. स्वच्छ जागी पाण्याचा सलग पापुद्रा राहतो, तेल उरलं असेल तिथे थेंब गोळा होतात. मुठीजवळ थेंब झाले. साच्यातून दस्ता सुटावा म्हणून लावलेला पदार्थ तिथे मुरला असावा. त्याने एक शब्दही न बोलता पुन्हा पुसलं. अशा माणसाकडे काम द्यावं.

मागचा रबरी पॅड काढल्यावर दिसणाऱ्या पाठीवर त्याने आधी नमुना मारला. भाजून झाल्यावर ब्लेडने चौकड्या कापल्या, टेप दाबून बसवली आणि झटक्यात ओढली. एकही चौकडी सुटली नाही. त्यानंतरच बाकीचं काम, पूर्ण मॅटमध्ये.

दस्ता बसवल्यावर नळी आणि खाचेच्या मधून कागदाची पट्टी शेवटपर्यंत सरकवून बघितली. कुठे अडली नाही. आज रायफल मचाणाच्या लोखंडी कठड्यावर टेकते तिथली एक धार उघडी पडली आहे, बाकी लेप जागेवर आहे. आता शेजारचा मित्र आपला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता असाच रंगवावा म्हणतो. त्याला मी मनापासून नको म्हटलं. जवसाच्या तेलाने इतकी वर्षं मुरलेलं लाकूड आधीच मंद आहे, चमकत नाही. त्यातलं तेल रंगाला धरू देणार नाही, आणि ते काढायचं तर लाकडाचं सगळं वय खरवडून काढावं लागेल. तेलाचा नवा हात देऊन चिंधीने चोळ, असं सांगितलंय. शनिवारी तो दस्ता घेऊन येतोय.