बंगल्याचे मागचे दार



घरालाही व्याकरण असते, असे मी म्हटले तर आपणांस ते केवळ अलंकारिक विधान वाटेल. म्हणून एका घरापासूनच आरंभ करतो. नवेगावबांधच्या जंगलात इंग्रजी अमदानीतील एक विश्रामगृह होते. माझे आजोबा तेथे चौकीदार होते. दगडी जोते, हातभर जाडीच्या भिंती, उंच कौलारू छप्पर, तिन्ही बाजूंनी व्हरांडा आणि दिवाणखान्याच्या भिंतीत शेकोटीचा कोनाडा, त्यावर धुराडे!

त्या शेकोटीमागे इंग्लंडमधील जमीनदारांच्या दगडी वाड्यांची आठवण होती. डर्बीशायर परगण्यात १५९० च्या दशकात बांधलेल्या हार्डविक हॉलच्या दर्शनी भागात दगडापेक्षा काचच अधिक भासते. तेथे ऊन दुर्मीळ, म्हणून ते घरात बोलवायचे. आपल्याकडे वैशाखातले ऊन दाराबाहेर थोपवायचे. त्यामुळे येथे भव्य खिडक्यांऐवजी खोल व्हरांडा आला आणि तापलेली हवा निघून जावी म्हणून छताजवळ झरोके आले.

नावही येथलेच घेतले गेले. ‘बंगला’ म्हणजे मुळात बंगालच्या धाटणीचे घर. सतराव्या शतकात कंपनीच्या इंग्रजांनी हा शब्द उचलला. एकोणिसाव्या शतकात तो केंटच्या समुद्रकाठच्या घरांना जाऊन चिकटला. माझी आजी मात्र त्या व्हरांड्याला ‘सपरी’ म्हणे. ‘छपरी’तील ‘छ’चा झाडीबोलीत ‘स’ होतो. साहेबाच्या व्हरांड्याला तिने आपल्या घरच्या ओसरीचे नाव देऊन टाकले होते.

हवामानाने घराचे रूप पालटले. एक गोष्ट मात्र पालटली नाही. इंग्लंडच्या मोठ्या वाड्यांत नोकरांसाठी वेगळी वाट व वेगळा जिना असे. काम व्हावे, पण काम करणारा दिसू नये. आमच्या बंगल्यातही स्वयंपाकघर मागे, सुटे होते. न्हाणीघराला बाहेरून एक दार होते, सफाई करणाऱ्यासाठी. आपल्या जातिव्यवस्थेला ही मांडणी मुळीच परकी वाटली नाही. आजोबांनी ती सपरी रोज झाडली, पुसली; तेथल्या खुर्चीवर ते कधी बसले नाहीत.

पुढे झाडीबोलीच्या सर्वेक्षणासाठी मी त्याच बंगल्यात उतरलो. खोली माझ्या नावावर होती. तरी गाडीतून उतरताच माझी पावले मागच्या दाराकडे वळली. नवा चौकीदार धावत आला, म्हणाला, “सर, तिकडून नाही, इकडून या ना.” मी पुढे आलो, पण खुर्चीत बसवेना. पायरीवरच बसलो. चौकीदाराला शेजारी बसण्यास सांगितले, तेव्हा तो उभाच राहिला. पदवीने मला पुढचे दार उघडून दिले होते. त्या घराची रीत मात्र माझ्या पावलांतून आणि त्याच्या उभे राहण्यातून अजून बोलत होती.

आता आपली पाळी. आपल्या तालुक्यातील एखादे जुने विश्रामगृह, रेल्वेची वसाहत किंवा मालगुजाराचा वाडा पाहा. त्याच्या प्रत्येक भागास गावातील वडीलधारी मंडळी काय म्हणतात, ते टिपून घ्या. मग त्यांना एवढेच विचारा, “तुम्ही कोणत्या दाराने आत जात होता?” उत्तर येण्यास वेळ लागेल. लागू द्या.